बर्डी, बाहेरचे आणि कलम सोळा

माझा एक भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. नवी नोकरी लागली तेव्हा कंपनीने त्याच्या हातात एक जाडजूड पुस्तिका ठेवली. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून इथे कुणालाही डावललं जाणार नाही, असं तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं. फोनवर त्याने विचारलं, "मामा, आपल्याकडे आहे का असा कायदा?" मी म्हटलं, आहे, आणि तुमच्यापेक्षा जुना आहे! पण उत्तर एवढ्यावर संपत नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहायला बसलो. बाकीच्या नातेवाइकांनीही वाचावं, कारण यात आपल्या घरचीही एक गोष्ट आहे. मी वकील नाही, साधा शाळामास्तर. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर मिळतो.

आधी त्यांचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जून १९४१ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आणि सरकारी नोकरीत वंश, धर्म, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करायचा नाही. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि त्याच्या सातव्या प्रकरणाने खाजगी मालकांनाही हे बंधन घातलं. तिथे माणसाच्या बोलण्याच्या ढंगावरून, उच्चारांवरून नोकरी नाकारली तरी जाब विचारता येतो. त्या उच्चारामुळे कामातच खरोखर अडचण येत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र १९७३ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ ओढली. टेक्सासमधल्या कपडे शिवण्याच्या कारखान्याने एका मेक्सिकन बाईला ती अमेरिकेची नागरिक नाही म्हणून घेतलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, मूळ देश वेगळा आणि नागरिकत्व वेगळं. या कायद्यात नागरिकत्व येत नाही. ही रेघ लक्षात ठेवा. आपल्याकडेही ती आहे.

आता आपलं. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीची सनद वाढवून दिली. त्या कायद्याचं ८७ वं कलम असं की कंपनीच्या मुलखातल्या कोणत्याही रहिवाशाला केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यांमुळे कंपनीच्या कोणत्याही जागेला, हुद्द्याला किंवा नोकरीला अपात्र ठरवता येणार नाही. १८३३! अमेरिकेत तेव्हा गुलामांचा बाजार भरत होता. आमच्या नागपुरात त्या वेळी महालात तिसरे रघूजी भोसले गादीवर होते आणि सीताबर्डीच्या बाजूला रेसिडेंट साहेबाची वसाहत होती. १८१७ च्या नोव्हेंबरात इथल्याच टेकडीवर लढाई होऊन भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं होतं. म्हणजे ते कलम नागपूरला लागू व्हायला राज्य खालसा होईपर्यंत, १८५४ पर्यंत, वाट पाहावी लागली. लागू होऊन तरी काय मिळणार होतं म्हणा! त्या कलमाच्या जोरावर पुढच्या वीस वर्षांत वरच्या सनदी नोकरीत एकही भारतीय शिरला नाही. १८५३ नंतर स्पर्धा परीक्षा सुरू झाली, पण ती लंडनमध्ये. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली पहिले पास झाले. पुढे १८७० च्या दशकात परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. एकोणिसाव्या वर्षाच्या आत, समुद्र ओलांडून, परक्या भाषेत परीक्षा! कुणाचंही जन्मस्थान न विचारता भारतीयांना बाहेर ठेवण्याची ती रीत होती. दादाभाई नौरोजी आयुष्यभर ज्या गोष्टींसाठी भांडले त्यांत हे कलम ८७ आणि १८५८ चा राणीचा जाहीरनामा या दोन कागदांचा आधार त्यांना वारंवार घ्यावा लागला. कागदावरच्या हक्काचा निदान भांडायला उपयोग होतो.

हेच शब्द थोड्या फरकाने १९३५ च्या कायद्याच्या २९८ व्या कलमात आले आणि तिथून आपल्या घटनेत. कलम १६, पोटकलम २ : सरकारी नोकरीच्या बाबतीत कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून अपात्र ठरवायचं नाही की त्याच्याबाबत भेदभाव करायचा नाही. वर्गात व्याकरण शिकवलेल्या माणसाला यातले तीन शब्द लगेच दिसतात. 'नागरिकाला', म्हणजे परदेशी माणसाला हे कलम नाही (इथे ती टेक्सासची रेघ आली). 'सरकारी', म्हणजे दुकानदाराला किंवा कारखानदाराला हे कलम विचारत नाही. आणि 'निवास'. हा शब्द पंधराव्या कलमात नाही, तिथे फक्त जन्मस्थान आहे. सोळाव्यात दोन्ही आहेत.

जन्मस्थान आणि निवास यांत एवढा काय फरक, असं कुणी म्हणेल. शाळेत आम्ही दाखलखारिज रजिस्टर भरायचो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो, गाव-तालुका-जिल्हा. बायका बाळंतपणाला माहेरी जात, त्यामुळे बर्डीवर वाढलेल्या निम्म्या पोरांच्या रकान्यात भलतंच गाव असायचं. कुणाचं बैतूल, कुणाचं अकोला, कुणाचं थेट काकीनाडा. जन्मस्थान हा आईच्या माहेरचा पत्ता, एवढाच त्याचा अर्थ. निवास मात्र माणसाने स्वतः केलेला असतो. म्हणून इतर बाबतींत न्यायालयं निवासाच्या अटीकडे जरा सौम्यपणे पाहतात. मध्य भारताच्या सरकारने इंदूरच्या मेडिकल कॉलेजात बाहेरच्या विद्यार्थ्यांना जादा फी लावली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली याच फरकावर चालू दिली. सरकारी नोकरीत मात्र घटनेने निवासाचंही दार लावून घेतलं.

पूर्ण नाही लावलं. एक फट ठेवली, आणि ती कशी ठेवली हे वाचण्यासारखं आहे. ३० नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. एक बाजू म्हणत होती की देशाचं नागरिकत्व एकच, तर नोकरीत प्रांत कशाला? दुसरी म्हणत होती की आमच्या प्रांतातली मुलं मागं पडतील. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी दुरुस्ती आणली. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना दोन्ही बाजू मान्य केल्या. ज्याची त्या प्रांतात मुळंच नाहीत अशा माणसाने पाखरासारखं उडत यावं, चांगल्या जागा पटकवाव्यात आणि निघून जावं, हे बरोबर नाही, असा त्यांचा भाव होता. पण निवासाची अट किती वर्षांची आणि कोणत्या नोकरीला, हे प्रत्येक प्रांताने आपापलं ठरवलं तर एका नागरिकत्वाला अर्थ उरणार नाही. म्हणून ती अट घालायची तर फक्त संसदेने घालायची. हेच कलम १६(३). राज्य सरकारच्या हातातून ती चावी काढून घेतली. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते, आणि त्यामागे पूर्वीचा अनुभव होता. १९३८-३९ मध्ये बिहारात बंगाली लोकांच्या नोकऱ्यांवरून एवढा वाद झाला होता की काँग्रेसला राजेंद्रप्रसादांकडून त्यावर अहवाल मागवावा लागला होता.

आता बर्डीवर येतो. आम्ही नागपूरकर सीताबर्डी असं पूर्ण कधी म्हणत नाही, नुसतं बर्डी. जुनं नागपूर म्हणजे महाल, इतवारी. बर्डी वाढली ती इंग्रजी अंमलाबरोबर, बाहेरून आलेल्या लोकांनी. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली, १८६७ ला रेल्वे आली, १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. बंगाली वकील, पुण्या-कोकणाकडचे मास्तर आणि कारकून, मद्रासी हिशेबनीस, पारशी, मारवाडी, गुजराती असे सगळे आले. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९२३ साली, सर बिपिन कृष्ण बोस. ते मूळचे बंगालचे. आमच्या गावाला यात काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही. (महालातले जुने लोक मात्र बर्डीला 'साहेबांची' म्हणून नाक मुरडायचे, असं आजी सांगायची.)

पण राजधानी म्हटली की सचिवालय आलं, आणि सचिवालय म्हटलं की नोकऱ्या कुणाला हा प्रश्न आला. माझे बाबा जुन्या मध्य प्रदेशाच्या सचिवालयात लिपिक होते. ते सांगायचे, जबलपूर-रायपूरकडच्या लोकांचं म्हणणं असे की नागपूरच्या मराठी कारकुनांनी सगळी खुर्च्या-टेबलं अडवून ठेवलीत. आमचं म्हणणं असे की परीक्षा देऊन बसलोय. दोन्ही खरं असावं.

मग आला १९५३. मराठी राज्य होणार तर विदर्भाने त्यात यावं म्हणून २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. तिकडून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, इकडून गोपाळराव खेडकर वगैरे मंडळींच्या सह्या. विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, हायकोर्टाचं खंडपीठ नागपुरात, पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि सरकारी नोकऱ्याही लोकसंख्येच्या प्रमाणात! पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी पाळल्या गेल्या; डिसेंबरात बर्डीवर मोर्च्यांमुळे रस्ते बंद होतात ते त्यामुळेच. पण नोकऱ्यांचं कलम? घटना लागू होऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. कलम १६ छापलेलं होतं. निवासावरून नोकरी वाटायची नाही आणि वाटायचीच तर फक्त संसदेने, हे त्यात स्पष्ट होतं. एका प्रदेशाने दुसऱ्या प्रदेशाला नोकऱ्यांचा हिस्सा लिहून देणं म्हणजे जी वस्तू आपली नाही तिचं दानपत्र करणं. सही करणाऱ्यांत कायदा कळणारे लोक होते. त्यांना हे दिसलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

१९५६ साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि कलम ३७१(२) आलं. त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना राज्याच्या नोकऱ्यांत 'पुरेशा संधी' देणारी न्याय्य व्यवस्था राज्यपालांवर सोपवण्याची सोय आहे. करारातलं 'लोकसंख्येच्या प्रमाणात' घटनेत येताना 'पुरेशा' झालं. मास्तरकीच्या सवयीने सांगतो, हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांचा धर्मांतराचा सोहळा इथेच झाला, आणि पुढच्या अठरा दिवसांत नागपूर राजधानी राहिली नाही. १ नोव्हेंबर १९५६. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात, बाकीचा मुलूख नव्या मध्य प्रदेशात. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाखाली माणसांची वाटणी झाली. शेजारचे काका भोपाळला गेले, बाबा मुंबईला. मी तेव्हा पहिलीच्या वयाचा. आई आणि आम्ही भावंडं बर्डीवर, बाबा गिरगावात चार नागपूरकरांबरोबर एका खोलीत. महिन्याला मनिऑर्डर यायची.

तिथे एका खात्यात ज्येष्ठता यादी लागली आणि बाबा त्यात बरेच खाली आले. जुन्या मध्य प्रदेशातली कुठली जागा मुंबईतल्या कुठल्या जागेच्या बरोबरीची, हे ठरवताना त्यांची जागा एक पायरी खालची धरली गेली. बाबा म्हणत, आमच्या पगारश्रेण्या लहान होत्या म्हणून कामही लहान असणार असं धरून चालले. कायद्याने त्यांना एक चांगली ढाल दिली होती : अशा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांचं नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत, आणि तक्रार करायलाही जागा होती. बाबांनी निवेदन दिलं. त्याच्या कार्बन कॉप्या माझ्याकडे ट्रंकेत आहेत, एकूण अकरा. शेवटच्यावर उत्तर आलं, जागा दुरुस्त झाली, आणि बढतीनंतर सव्वा वर्षाने ते निवृत्त झाले.

हा जन्मस्थानावरून झालेला भेदभाव होता का? बाबा स्वतः नाही म्हणायचे. "नागपूरचा म्हणून नाही रे, हिशेबाची चूक," एवढंच. पण त्याच माणसाला रोज जेवणाच्या सुट्टीत 'करून राहिलो', 'येऊन राहिले' यावरून हसलं जायचं. 'तुम्ही हिंदी बोलता की मराठी?' असं विचारायचे. बाबा मुंबईत हळूहळू कमी बोलायला लागले, आणि सुट्टीत घरी आले की दोन दिवस आम्हालाही त्यांची भाषा जरा बेतलेली वाटायची. यादीविरुद्ध अकरा निवेदनं करता आली. हसण्याविरुद्ध निवेदन कुठे करणार?

असो. कायद्याची पुढची कथा यापेक्षा मोठी आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने निवासाच्या अटींविरुद्ध लिहिलं होतं. संसदेने १९५७ साली कायदा करून देशभरातल्या तशा सगळ्या अटी रद्द केल्या. तो १९५९ च्या मार्चपासून लागू झाला. अपवाद चार : हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा आणि आंध्र प्रदेशातला तेलंगणा. तेलंगणात निजामाच्या काळापासून मुल्की नियम होते, म्हणजे नोकरी मुलखातल्याच माणसाला. तिथल्या लोकांना भीती होती की किनाऱ्याकडची शिकलेली मंडळी सगळ्या जागा घेतील. आमच्यासारखंच!

यावर १९६९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. कलम १६(३) मध्ये 'राज्यातील निवास' असं म्हटलंय, राज्याच्या एका तुकड्यातला निवास नाही. म्हणून आंध्रच्या माणसाला तेलंगणात निवास नाही म्हणून नाकारता येणार नाही, आणि तशी अट संसदेलासुद्धा घालता येणार नाही. तेलंगणाच्या जागी विदर्भ घालून वाचा. नागपूर करारातलं नोकऱ्यांचं कलम त्या दिवशी संपलं.

निकाल लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे कोण? शाळा रायपूरला, कॉलेज आमच्या बर्डीवरचं मॉरिस, म्हणजे आजची वसंतराव नाईक संस्था. केंब्रिजहून परत येऊन नागपुरातच वकिली, इथल्या लॉ कॉलेजात शिकवणं, मग नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हायकोर्टाबरोबर तेही जबलपूरला गेले. ज्या वाटणीत माझे बाबा एका दिशेला गेले, त्याच वाटणीत हिदायतुल्लासाहेब दुसऱ्या. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

तो निकाल मला पटतो. विदर्भाचा असूनही पटतो. राज्याच्या आत जिल्ह्याजिल्ह्याच्या भिंती घातल्या तर संपायचं कुठे? राजस्थानात पुढे तेच झालं. शिक्षक भरतीत त्याच जिल्ह्यातल्या उमेदवाराला १० गुण जादा आणि खेड्यातल्याला ५ गुण जादा, असा नियम केला, आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. मास्तर चांगला आहे की नाही हे त्याच्या गावावरून ठरवायचं, यात मुलांचा विचार कुठे आला? पण तेलंगणाचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तिथे मोठी आंदोलनं झाली, १९७३ साली बत्तिसावी घटनादुरुस्ती होऊन कलम ३७१-ड आलं, आणि स्थानिकांना नोकऱ्या राखण्याचा अधिकार थेट घटनेनेच दिला. त्यांना ३७१-ड मिळालं, आम्ही ३७१(२) मधल्या 'पुरेशा' वर राहिलो. विकास मंडळं १९९४ साली स्थापन झाली, त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली.

खाजगी नोकरीत काय, हा भाच्याच्या प्रश्नाचा खरा गाभा. तिथे आपल्याकडे अमेरिकेसारखा कायदा नाही. उलट वारं आहे. १९६६ साली मुंबईत शिवसेना निघाली ती दाक्षिणात्य कारकुनांच्या विरोधात मराठी मुलांना नोकऱ्या मागत. स्थानिकांना ८० टक्के हे आपल्या सरकारचंही जुनं धोरण आहे, पण ते शासन निर्णयाच्या रूपात, कायदा नव्हे. हरियाणाने तसा कायदाच केला, खाजगी क्षेत्रात ७५ टक्के जागा स्थानिकांना. १७ नोव्हेंबर २०२३ ला पंजाब-हरियाणा हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. बाहेरून येणाऱ्या मजुराच्या बाजूचा म्हणावा असा एकच कायदा मला माहीत आहे, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. कंत्राटदाराने आणलेल्या परराज्यातल्या मजुराला तेच काम करणाऱ्या स्थानिकापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही, असं त्यात होतं. तोही नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विरला.

आणि आता 'स्थानिक' कोण ते पाहा. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला, अधिवास प्रमाणपत्र असलेला. बर्डीवरच्या एका कापडाच्या दुकानात मी नेहमी जातो. तिथला मुलगा सौसरचा आहे. सौसर पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. नागपूरहून बसने दोन तासांच्या आत. घरी मराठी बोलतो, 'करून राहिलो' म्हणतो, पोळा करतो. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्याचं गाव आणि बर्डी एकाच राज्यात होती, आणि सरकारी कामासाठी त्याच्या आजोबांना नागपूरलाच यावं लागे. कर्नाटकच्या सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्र सरकार आपल्या नोकरभरतीत घेतं, आणि ते योग्यच आहे. पण सौसरवर कुणाचा दावा नाही, वाद नाही, म्हणून सवलतही नाही. सिंधुदुर्गातून काल नागपुरात उतरलेला मुलगा इथे स्थानिक. हा सहा वर्षं दुकानात आहे, तरी परप्रांतीय. मागच्या आठवड्यात तो विचारत होता, पोलीस भरतीचा फॉर्म निघालाय, भरू का? मी म्हटलं, अधिवासाचा दाखला मागतील. तो म्हणाला, "मग अजून नऊ वर्षं थांबा लागन, सर. तवर तर वय निघून जाईन."